गल्लीतलं विम्याचं घर

हरिभाऊ कामडी तालुक्याच्या एका सरकारी कचेरीतून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले आणि त्यांच्यापुढं कागद येणं थांबलं. घरी पेपर येत होता. पण पेपरवर शेरा मारून तो कोणाकडं पाठवता येत नाही. पहिलं वर्ष त्यांनी गॅसच्या पुस्तकापासून कूलरच्या गॅरंटी कार्डापर्यंत घरातलं सगळं छापील वाचून काढलं. शेवटी एप्रिल लागला, ऊन चढलं आणि कपाटातून घराच्या विम्याची पॉलिसी निघाली.

घर हायवेवरच्या जाम गावात. चौकातून नागपूरकडं निघालं की रस्त्याला लागून टायरची दुकानं, चहाच्या टपऱ्या, धाबे. त्यांच्या मागं एक गल्ली. गल्लीत सगळ्यांच्या घरांवर पत्र्याच्या टिना, हरिभाऊंच्या एकट्याच्या घरावर स्लॅब. हे घर बांधताना बँकेनं विमा काढायला लावला होता. तेव्हापासून हरिभाऊ तो दरवर्षी न वाचता पुढं चालवत होते. सगळी नोकरीच त्यांनी कागद न वाचता पुढं पाठवण्यात काढली होती, त्यामुळं त्यात वावगं असं काही त्यांना वाटलं नव्हतं.

पण मागच्या उन्हाळ्यात वावधन, म्हणजे वादळी वारं, सुटलं तेव्हा एका धाब्याची टिन उडून थेट हायवेच्या पलीकडं, दुसऱ्या धाब्याच्या अंगणात पडली होती, आणि त्या धाबेवाल्यानं ती वरून पाठवलेली समजून आपल्या मोरीवर टाकून घेतली होती. हे आठवून हरिभाऊ पट्टी आणि लाल पेन घेऊन पॉलिसी वाचायला बसले. पानं लाल झाल्यावर त्यांनी विमा एजंट धनंजयला बोलावणं धाडलं. धनंजय लांबच्या नात्यानं पुतण्या. दिवसभर मोटरसायकलवर फिरणारा, हेल्मेट काखेत धरून अर्ध्या खुर्चीवर बसणारा.

"वादळी हंगामापूर्वी आढावा घ्यायचा आहे," हरिभाऊ म्हणाले. एरवी ते गल्लीसारखंच बोलत. समोर कागद आला की त्यांची भाषा कचेरीत जात असे.

"घ्या ना काकाजी."

"वावधन?"

"कव्हर आहे."

"गारपीट?"

"कव्हर."

"शेजारच्याचं झाड आपल्या घरावर पडलं तर?"

"कव्हर."

"अन् वानरानं टाकी फोडली तर?"

धनंजयनं हेल्मेट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. "वानराचं विचारून सांगतो."

स्वयंपाकघराच्या दारात हरिभाऊंची बायको, अन्नपूर्णाबाई, उभी होती. ती म्हणाली, "अन् घरातल्या सामानाचं काय? आतापावतर नुसत्या भिंतीयचाच विमा होता काय?"

होता खरा नुसत्या भिंतींचाच. इतक्या वर्षांनी, तेही बायकोच्या तोंडून हे कळल्यामुळं हरिभाऊ चिडले आणि त्यांनी तिथल्या तिथं सामानाचाही विमा जोडून घेतला. धनंजयनं मोबाईलवर बोट फिरवत विचारलं, "घरात काय काय आहे काकाजी?"

"सर्व," हरिभाऊ म्हणाले. धनंजयला तेवढं पुरलं.

संध्याकाळी हरिभाऊ माणिकच्या टायरच्या दुकानात जाऊन बसले. माणिक गल्लीतलाच, त्यांच्या समोरच्या घरातला. पंक्चर काढता काढता तो चौकातल्या सगळ्या बातम्या जमवायचा आणि पंक्चर झालं की पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायचा.

"आता वावधन येवो का गारा," हरिभाऊ म्हणाले, "माह्या उंबरठ्याच्या आत जे जे आहे, थे सारं कव्हर आहे. सुईपासून फ्रिजपर्यंत. आत आलं का कंपनीची जबाबदारी."

माणिकनं ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहत विचारलं, "आत आलं का?"

"आत आलं का."

दोन दिवसांनी सगळ्यांच्या मोबाईलवर इशारा आला: जिल्ह्यात विजांच्या कडकडाटासह वादळी वाऱ्याची शक्यता. तासाभरात माणिक हातगाडीवर नवे कोरे टायर रचून हरिभाऊंच्या दारात उभा राहिला.

"बाबूजी, दुकानाच्या टिना कशा आहेत थे तुम्हाले माहीतच आहे. दोन दिवस ठेवू द्या."

"अरे पण एवढे टायर..."

"तुमीच सांगतलं ना, आत आलं का कव्हर."

हरिभाऊंना नाही म्हणता आलं असतं. पण निवृत्तीनंतर त्यांच्या शब्दावर कोणी एवढा विश्वास ठेवण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी पुढच्या खोलीतला कोपरा दाखवला.

माणिकचे टायर आत जाताना गल्लीनं पाहिले. संध्याकाळपर्यंत लीलाबाई आली. ती एकटी राहायची, शिवणकाम करायची आणि उन्हाळ्यात कुरड्या-पापड करून चौकातल्या दुकानांना द्यायची. तिनं शिलाई मशीन आणलं, मग कुरड्यांचे डबे आणले, आणि जाताना डब्यांवर हात फिरवून हरिभाऊंना म्हणाली, "कंपनीले सांगजा, हे गव्हाच्या चिकाच्या आहेत, मैद्याच्या नाईत."

रात्रीच्या जेवणाआधी भैय्याजी आले. ते गल्लीतल्या भजनी मंडळाचे सर्वेसर्वा. त्यांनी मंडळाची पेटी, ढोलकी आणि लाउडस्पीकरचा मोठा भोंगा आणला. भोंगा कुठंच मावेना म्हणून तो गच्चीच्या जिन्यात, वरच्या दाराशी ठेवला. सगळं लागल्यावर भैय्याजी परत गेले आणि आपली बाज घेऊन आले.

"पेटीले एकटं सोडवत नाई, बाबूजी," ते म्हणाले. "अन् मी आत आलो म्हंजे मीबी कव्हर झालो ना?"

हरिभाऊ पॉलिसी काढायला कपाटाकडं वळेपर्यंत भैय्याजींनी बाज टाकून पाय पसरले होते.

वादळ आलं नाही. दुसऱ्या दिवशी इशाऱ्याला मुदतवाढ मिळाली, मग आणखी एकदा मिळाली. आभाळ कोरडं ठणठणीत आणि ऊन तर असं, की कावळासुद्धा माणिकच्या पाण्याच्या टबात येऊन बसे. सामान मात्र कोणी नेईना. इशारा अजून चालू होता ना. घरात रबराचा आणि पापडखाराचा एकत्र वास भरला. सकाळचा चहा करायला अन्नपूर्णाबाईला टायरांमधून आडवं होऊन स्वयंपाकघरात शिरावं लागे, आणि आत पोचली की भैय्याजी बाजेवरून म्हणत, "वहिनी, माह्यात साखर कमी."

"तुमी विमा काढला का गोडाऊन उघडलं?" तिनं नवऱ्याला विचारलं, आणि स्वतःच धनंजयला फोन केला.

धनंजय आला. बसायला खुर्ची सापडली नाही म्हणून टायरवर बसला. आजूबाजूला पाहता पाहता त्याचा चेहरा उतरत गेला.

"काकाजी, हे काय करून राह्यले तुमी?"

"आत आलेलं सामान."

"अहो, तुमच्या सामानाचा विमा आहे. दुसऱ्यायच्या नाई. अन् हे टायर, हे कुरड्या, हा तर धंद्याचा माल झाला. याले कंपनी एक पैसा देत नाई." त्यानं आवाज खाली आणला. "वरून घरात धंद्याचा माल भरला म्हणून तुमच्या भिंतीयचाही क्लेम अडकन."

म्हणजे विमा वाढवण्याआधी हरिभाऊंचं घर जेवढं सुरक्षित होतं, तेवढंही आता राहिलं नव्हतं. हे लक्षात यायला त्यांना जरा वेळ लागला. आल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते असं: "हे बाहेर कोणाले सांगू नको."

"तुमीच सांगून टाका ना सगळ्यायले," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "'माह्यं चुकलं, आपापलं सामान घेऊन जा.' त्यात काय आहे?"

त्यात काय आहे ते हरिभाऊंनाच माहीत होतं. अख्खी नोकरी त्यांनी 'चुकलं' हा शब्द न वापरता काढली होती. 'अनवधानाने राहून गेले' इथपर्यंतच ते कधी गेले होते. त्यांनी वेगळा उपाय शोधला. लोकांना यायचं टाळावंसं वाटेल अशी एकच गोष्ट त्यांना अनुभवानं ठाऊक होती. त्यांनी गल्लीत सांगून टाकलं की यापुढं सामान ठेवायचं असेल तर रीतसर अर्ज द्यावा लागेल, दोन प्रतींत. आधी ठेवलेल्यांनीही द्यावा. अर्जाला कंटाळून लोक सामान काढून नेतील, असा त्यांचा हिशेब.

पण सामान ठेवायला अर्ज लागतो म्हटल्यावर गल्लीचा उरलासुरला संशयही फिटला. अर्ज लागतो त्याअर्थी योजना खरी आहे. चौकातल्या झेरॉक्सवाल्यानं अर्जाचा नमुनाच तयार करून ठेवला: 'महोदय, उपरोक्त विषयान्वये माझे सामान आपल्या उंबरठ्याच्या आत घेण्याची कृपा करावी.' जे आतापर्यंत आले नव्हते तेही आले. कोणी फ्रिज आणला, कोणी गव्हाची कोठी, आणि टपरीवाल्यानं खुर्च्यांची अख्खी चळत. इतक्या दिवसांनी हातात अर्ज पडल्यावर हरिभाऊंचाही हात थांबेना. प्रत्येकाच्या दुसऱ्या प्रतीवर ते 'प्राप्त' असं लिहीत, खाली झोकदार सही करत आणि पोच म्हणून ती परत देत. त्या दोन दिवसांत त्यांना झोपही चांगली लागली.

मग एका दुपारी खरंच वावधन सुटलं.

हिंगणघाटच्या अंगाला आभाळ आधी पिवळं झालं, मग मातकट. हायवेवरचे ट्रक दिवे लावून थांबले. धुळीची भिंत चौकावर आली तशी गल्लीतली माणसं घराबाहेर पळाली आणि सरळ हरिभाऊंच्या घरात शिरली. सगळ्यांचं सामान तिथंच होतं. आपल्या घरी थांबून करायचं काय? बायामाणसं टायरांमध्ये, कोठीला टेकून, फ्रिजच्या आडोशाला उभी राहिली. भैय्याजी बाजेवरच होते. त्यांनी फक्त पाय जवळ घेतले.

खिडकीतून सगळ्यांना माणिकचं दुकान दिसत होतं. त्याच्या टिना आधी नुसत्या फडफडल्या, मग एक कोपरा उचलला, आणि पुढच्या झोताला अख्खं छप्परच उठून रस्त्याकडच्या चिंचेच्या झाडावरून पलीकडं गेलं. लीलाबाईच्या घराच्या टिना त्याच्यामागून निघाल्या. ती खिडकीपाशीच होती. तिनं तोंडावर पदर धरला.

हरिभाऊंना राहवलं नाही. ते माणिकजवळ सरकले आणि ओरडून म्हणाले, "माणिक, मले तुले एक सांगाचं होतं."

"काय?"

"थे विम्याचं..."

"हो ना बाबूजी!" वाऱ्याच्या आवाजावर आवाज काढत माणिक ओरडला. "बरं झालं तुमी विमा काढला! नाई तं माह्यं सारं गेलं असतं!"

तेवढ्यात गच्चीवरून काहीतरी गडगडत गेलं आणि अंगणात फुटल्यासारखा आवाज झाला. ती हरिभाऊंची पाण्याची टाकी होती. पाठोपाठ दोन खिडक्यांच्या काचा गेल्या, आणि जिन्यातून पाणी उतरायला लागलं. वरचं दार लागत नव्हतं, कारण मध्ये भजनी मंडळाचा भोंगा होता. पाणी पायऱ्या उतरून जे खाली आलं ते लीलाबाईच्या डब्यांत शिरलं.

पाऊण तासात सगळं शांत झालं. माणसं बाहेर आली. गल्लीत निम्म्या घरांना छप्पर नव्हतं, पण सामान कोणाचंच गेलं नव्हतं. माणिकनं हरिभाऊंच्या पायांना हात लावला. हरिभाऊंनी त्याला उठवलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

टाकी, काचा आणि ओली भिंत यांच्यासाठी हरिभाऊंनी क्लेम टाकला. दोन दिवसांनी सकाळी धनंजयचा फोन. "काकाजी, सर्व्हेअर निघाले. दोन घंट्यासाठी सारं सामान बाहेर काढा. मंग वापस ठेवा."

हरिभाऊ सामान काढायला सांगायला गल्लीत गेले. लीलाबाईनं छपराच्या जागी दोन जुन्या साड्या जोडून बांधल्या होत्या आणि खाली चूल पेटवली होती. माणिक टिनांच्या शोधात गेला होता. हरिभाऊ सामानाचा विषय न काढता रस्त्यातूनच परत आले.

"काढायचं का सामान?" अन्नपूर्णाबाईनं विचारलं.

"कुठं काढणार?" ते म्हणाले. "वर काही आहे काय त्यायच्या?"

सर्व्हेअर किडकिडीत, सभ्य गृहस्थ होते. चपला बाहेर काढून आत आले आणि आल्याबरोबर थांबले. पुढं जायला वाट नव्हती.

"हा माल कोणाचा?"

या प्रश्नाला कचेरीच्या भाषेत निदान सात-आठ उत्तरं होती, आणि एकाचाही अर्थ कोणाला लागला नसता. हरिभाऊंनी ती सगळी बाजूला ठेवली. "टायर माणिकचे. मशीन लीलाबाईचं. कोठी, फ्रिज, खुर्च्या, साऱ्या शेजाऱ्यायच्या. त्यायच्या घरावर टिना नाईत म्हणून इथं आहेत."

"वादळाच्या आधीपासून?"

"आधीपासून."

"आणि हे?" सर्व्हेअरांनी बाजेकडं बोट केलं.

"थे भैय्याजी. थेही शेजाऱ्यायचेच."

सर्व्हेअरांनी फोटो घेतले. फोटो निघतोय म्हटल्यावर भैय्याजी उठून बसले आणि केसांवरून हात फिरवला.

कंपनीचं पत्र लवकरच आलं. 'सदर वास्तूचा वापर व्यापारी मालाच्या साठवणुकीसाठी होत असल्याचे निदर्शनास आल्याने आपला दावा विचारात घेता येत नाही.' हरिभाऊंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "लिहिलं मात्र चांगलं आहे."

बातमी चौकात पोचली. विमा होता तो नुसता बाबूजींच्याच सामानाचा, आणि आता तोही मिळणार नाही. ज्या गल्लीचं सामान त्या घरामुळं वाचलं होतं तिला आता हे आठवलं की आपल्याला फसवण्यात आलं. संध्याकाळी लीलाबाई सगळ्यात आधी आली. एका हातात ओल्या कुरड्यांचं ताट, दुसऱ्या हातात अर्जाची पोच.

"बाबूजी, माह्या कुरड्या भिजल्या. तुमीच 'प्राप्त' लिवलं आहे. भरून द्या."

तिच्यामागं टपरीवाला होता; त्याच्या दोन खुर्च्यांचे पाय मोडले होते. त्याच्यामागं फ्रिजवाले. सगळ्यांच्या हातात पोच होती. हरिभाऊंनी चष्मा लावला, आपलीच सही पाहिली, आणि त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. त्यांनी ताटातली एक कुरडई उचलून उजेडात धरली.

"ही पाण्यानं भिजली, का आधीचीच सादळलेली होती?"

"म्हंजे?"

"म्हंजे नुकसान वादळापूर्वीचं आहे की वादळानंतरचं, हे ठरवावं लागेल. शिवाय झाकण घट्ट लावलं होतं काय? लावलं नसल्यास तो आपला निष्काळजीपणा समजण्यात येईल." ते टपरीवाल्याकडं वळले. "खुर्चीवर घटनेच्या वेळी कोणी बसलं होतं?"

"तुमीच बसले होते," टपरीवाला म्हणाला.

लीलाबाईचा आवाज चढला. "मले इतक्या गोष्टी नोका सांगू! दोन पायल्या गव्हाचा चिक काढला म्या, हाताले फोड आले. हे दाखवू काय कंपनीले?"

तिनं खरंच तळहात पुढं केले. हरिभाऊ पुढचं विचारायला वळले. दारात अन्नपूर्णाबाई येऊन उभी होती. ती नवऱ्याकडं पाहत होती. तिनं अशा नजरेनं पाहिल्याचं त्यांना लग्नानंतर एकदाच आठवत होतं.

"तुमी आत जा," ती म्हणाली. हरिभाऊ आत गेले.

मग तिनं पायरीवर बसून निकाल लावला. "लीले, उद्या पहाटी गहू भिजवू. गच्ची माही मोठी आहे, चिक मी घोटतो, कुरड्या तू पाडजो. भिजलेल्या आपण घरीच भाजीत घालू. खुर्च्यायचे पाय माणिक जोडून देईन, त्याच्याजवळ पट्ट्या आहेत. अन् माणिक, थे आमची टाकी पाह्य बरं, ट्यूबवानी चिपकते काय?"

"चिपकन ना काकू," माणिक म्हणाला. "पण जरा मोठं ठिगळ लागन."

"अन् आमच्या ढोलकीचं चामडं नरम पडलं," आतून भैय्याजी म्हणाले.

"तुमी उद्यापासून आपल्या घरी," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

पोचेचे कागद तिनं गोळा करून चुलीजवळ नेऊन ठेवले. कोणी मागितले नाहीत.

टिना मिळत गेल्या तसं एकेकाचं सामान घरी गेलं. भैय्याजी सर्वांत शेवटी गेले. माणिकनं टाकीला ट्रकच्या ट्यूबचं भलं मोठं ठिगळ लावलं. हायवेवरूनही ते दिसायचं. या सगळ्यात धनंजयचं मात्र भलं झालं. गल्लीला आता पटलं होतं की दुसऱ्याच्या विम्याचा उपयोग नाही, आपला स्वतःचा पाहिजे. एक दिवस तो माणिकच्या दुकानात बसून सगळ्यांच्या पॉलिसी काढायला लागला. सही करायच्या जागा त्यानं पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या. लोक फुली दिसली की सही करत होते आणि पुढच्याला पेन देत होते.

माणिकनं आपला कागद घेतला आणि पलीकडं बाकड्यावर बसलेल्या हरिभाऊंच्या पुढं धरला. "बाबूजी, एकडाव नजर मारता का? सारं आलं आहे ना यात?"

हरिभाऊंचा हात खिशातल्या पेनाकडं गेला. पहिली ओळ त्यांनी वाचलीही. त्यात एक शब्द चुकला होता. तेवढ्यात गच्चीवरून अन्नपूर्णाबाईची हाक आली, कुरड्या उलटायला या म्हणून.

त्यांनी कागद माणिकच्या हातात परत दिला. "धनंजयले विचार," ते म्हणाले. "अन् तो जे सांगन, थे त्याच्याकडून लिहून घेजो." मग धोतराचा सोगा सावरत उठले आणि उन्हातून घराकडं गेले.